पलीकडून आलेले दोघे

गुप्त पोलिसात होतो असं कळलं की लोक खुर्ची जवळ ओढतात. लग्नकार्यात माझे जावई माझी ओळख करून देताना आवाज एकदम खाली आणतात. त्यांची समजूत अशी की सासरेबुवांनी उभी नोकरी काळा चष्मा लावून, रेल्वेच्या डब्यात कुणाच्या तरी मागावर काढली. ती नोकरी बहुतेक चहाच्या हॉटेलातल्या बाकावर बसून गेली, हे त्यांना पटत नाही. पित्ताचा त्रास मला तेव्हापासूनचा आहे.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. कुठं सभा झाली, किती माणसं जमली, बोलणारा काय बोलला, टाळ्या कोणत्या वाक्याला पडल्या, हे संध्याकाळच्या आत लिहून द्यायचं. गावात नवा माणूस आला तर तो कोण, कुठला, कशाला आला, हे त्याला न विचारता काढायचं. गणवेश नाही, त्यामुळं सलाम नाही. आम्ही गुप्त, पण साऱ्या गावाला ठाऊक. एका पुढाऱ्यानं तर सभेआधी मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "जमादार, आज जरा हात सैल सोडून लिहा. वर वजन पडलं पाहिजे." त्याच्या सभेला स्टेजवरच निम्मी माणसं होती.

बहात्तरच्या दुष्काळात असल्या गमती पुष्कळ झाल्या. एकदा मुखेडकडच्या एका खेड्यातून पाटील धावत आला. म्हणाला, परदेशी हेर सापडलाय, हातात यंत्र आहे, आम्ही त्याला देवळात कोंडलाय. मी गेलो. आत एक म्हातारा बसलेला, हातात कडुलिंबाची दुबेळकी फांदी. तो पाणाड्या होता. जमिनीखालचं पाणी सांगत गावोगाव हिंडत होता. त्याला सोडवलं, तर जाताजाता त्यानं त्याच पाटलाच्या वाड्यामागं पाणी दाखवलं. ते लागलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दिवाळी अंकाच्या संपादकांना असंच काहीतरी हवं होतं. "रोमहर्षक प्रसंग येऊ द्या," असं त्यांचं पत्र आहे. पण मला लिहायचंय ते एकच, आणि त्यात रोमहर्षक काही नाही. पलीकडच्या जंगलातून दोन माणसं आमच्याकडं आली होती. एक खरा फुटून आला होता आणि एक खोटा. मी खोट्यावर विश्वास ठेवला आणि खऱ्याला त्याच्या मारेकऱ्यांच्या हाती दिलं. माझं वय आता बघता हे लिहायचं राहून जाईल, म्हणून लिहितो. माणसांची नावं बदलली आहेत, एकदोन गावं इकडची तिकडं केली आहेत. आमचे तेव्हाचे साहेब कोण होते ते विचारू नका.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, धर्माबादच्या पुढं हद्द संपते आणि तेलुगू मुलूख सुरू होतो. त्या काळात पलीकडच्या जंगलात बंदुका घेतलेल्या माणसांच्या टोळ्या होत्या. त्यांना दलम म्हणत. आमच्या बाजूला त्यांचा उपद्रव फारसा नव्हता, पण दुष्काळामुळं माणसांचे लोंढे हद्द ओलांडून कामाला येत होते, आणि त्यात कोण मिसळून येतंय याचा वरच्यांना घोर लागला होता. मला तेलुगू यायचं म्हणून मला धर्माबादला बसवलं. आम्ही लिंगायत, आजी कन्नड बोलायची, आजोळ देगलूरकडचं, शेजारपाजार सगळा तेलुगू. तीन भाषांत शिव्या देता येणारा जमादार खात्यात मी एकटाच होतो.

थंडीच्या तोंडाला एक माणूस कोरड्या नदीच्या वाळूतून चालत अलीकडं आला आणि चौकीच्या पायरीवर बसला. खांद्यावर घोंगडी, घोंगडीत गुंडाळलेली गावठी बंदूक. म्हणाला, "मी दलम सोडून आलो. ठेवून घ्या न्हाईतर गोळी घाला."

हा मल्लय्या. तिशीतला, काटक, चेहऱ्यावर देवीचे वण. त्याचं म्हणणं असं की दलमनं त्याच्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्या पटवाऱ्याला मारलं, त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. साहेबांनी त्याला दहा वेळा उलटसुलट विचारलं. तो एकदाही चुकला नाही. मग त्यानं एक जागा दाखवली. ओढ्याच्या काठी खणल्यावर पत्र्याची पेटी निघाली, पेटीत बंदुका. साहेबांचा चेहरा असा फुलला की मी तो त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिला नाही.

मल्लय्याला सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. धर्माबाद हे मिरचीचं गाव. एका मिरचीच्या गोदामामागं दोन खोल्या घेतल्या, तिथं आम्ही दोघं सहा महिने राहिलो. दिवसभर शिंका. तो स्वयंपाक करायचा, मी भांडी घासायचो. माझी धाकटी मुलगी टायफॉइडनं आजारी पडली, तेव्हा तो माझ्यासोबत उपाशी राहिला. सांगायला लाज कशाची, मला तो फार आवडायला लागला होता. इतकं मोकळं मी घरच्या माणसांशीही कधी बोललो नाही.

आता इतक्या वर्षांनी मांडून बघतो तेव्हा दिसतं की त्यानं दिलेली प्रत्येक खबर खरी होती आणि प्रत्येक खबर निकामी होती. पेटीतल्या बंदुका गंजलेल्या होत्या. ज्या घरात माणसं लपल्याचं तो सांगायचा तिथं चूल कोमट असायची, माणसं गेलेली असायची. आम्ही म्हणायचो, थोडक्यात हुकलं. थोडक्यात हुकलेली खबर माणसाला अधिक नादी लावते. पूर्ण खोटी निघाली असती तर आम्ही त्याला त्याच आठवड्यात बाहेर काढला असता.

मग एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "जमादारसाब, एक मानूस हाय. सायन्ना. दलमच्या चिठ्ठ्या तोच नेतो-आनतो. तुमच्याकडं दुष्काळी कामावर येऊन राहिलाय, नाव बदलून. त्यो घावला की समदं जाळं हातात आलं बघा."

"ओळखायचा कसा?"

"उजव्या हाताला भाजल्याचा डाग, कोपरापासून मनगटापर्यंत. संगं बायको हाय. मला एकदा दाखवा निस्तं. मी लांबून सांगतो, हाय का न्हाई."

एवढंच त्यानं मागितलं. एकदा दाखवा.

मी तंबाखू विकणारा झालो. खांद्याला पिशवी, डोक्याला मळका रुमाल. पाझर तलाव, खडीची कामं, रस्त्यांची कामं असं एकेक पालथं घालत निघालो. हजारो माणसं, सगळी मातीनं एकाच रंगाची झालेली, बहुतेकांच्या हाताला पोतेरं गुंडाळलेलं. डाग बघणार कुठं? मस्टरवर नाव बघावं तर तो नाव बदलून आलेला. दीड महिना गेला.

शेवटी मी माणसांकडं बघायचं सोडून चुलींकडं बघायला लागलो. तेव्हा सगळीकडं सरकारी मिलो मिळायचा, तांबड्या दाण्याची परदेशी ज्वारी. आपल्या बाया शिव्या देत का होईना तिच्या भाकरी थापायच्या. नदीपलीकडच्या गरीब घरांत ज्वारीचा गटका करतात, म्हणजे भरड पाण्यात शिजवून घोटायची आणि चिंचेच्या पाण्याबरोबर खायची. दुपारच्या सुट्टीत मी तलावाच्या बांधावर उभा राहायचो आणि कुठल्या चुलीवर तवा नाही ते शोधायचो. माणूस नाव बदलतो, बोली बदलतो. बायको रांधायचं बदलत नाही. ही युक्ती माझी स्वतःची होती, आणि खरं सांगतो, तिचा मला फार अभिमान होता.

जळकोटच्या बाजूला, बालाघाटाच्या माळावर एका पाझर तलावाचं काम चालू होतं. तिथं एका चुलीवर तवा नव्हता. बाई पाचसहा महिन्यांची पोटुशी, रवीनं गटका घोटत बसलेली. मी तंबाखू घेता का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आमचे खात न्हाईत." बोलणं मराठी, हेल तेलुगू. मी भूक लागल्यासारखं केलं. तिनं मला जर्मनच्या ताटलीत गटका वाढला. मिलो तेव्हा मोजून मिळायचा, तिच्या वाटणीतला निम्मा तिनं मला दिला. मी खात होतो तेवढ्यात तिचा नवरा पाणी प्यायला आला. त्यानं तांब्या वर उचलला आणि बाही मागं गेली. डाग कोपरापासून मनगटापर्यंत होता.

कामावर तो गंगाराम म्हणून होता. सोबतच्या मजुरांकडं चौकशी केली. तो गावाचं नाव सांगत नाही, तेलुगू कासार आले की खोपटात जाऊन बसतो, बाजाराला कधी जात नाही. माझी खात्री झाली. लपून काम करणारा आणि जीव घेऊन लपलेला, दोघंही बाहेरून सारखेच दिसतात. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण माझा धंदाच तो होता. पण जे शोधायला निघालो होतो ते मला सापडलं होतं.

एक अडचण होती. तो माळ आमच्या जिल्ह्यात नव्हता. हद्दीपासून दोन कोस आत, शेजारच्या जिल्ह्यात होता. नियमानं तिथल्या शाखेला कळवायला हवं होतं. पण आमच्या खात्यात एक न लिहिलेली रीत होती, आपली खबर शेजाऱ्याला सांगायची नाही. सांगितली की धरपकड ते करणार, नाव त्यांचं होणार, वर आपला माणूस उघडा पडणार. साहेब म्हणाले, "जीप घेऊन जा, दाखवून आणा. तो असला तर बघू. नसला तर सोडून देऊ, कुणाला कळायचं नाही."

जीप माळावर थांबली तेव्हा सायन्ना माती टाकत होता. माझ्याकडं त्यानं नीट बघितलं. तंबाखूवाला जीपमधून उतरलेला बघून दुसरा कुणी पळाला असता. यानं टोपली खाली ठेवली, हात धुतले, खोपटात जाऊन धुतलेला सदरा घालून आला. चेहऱ्यावर हसू होतं. "आलात का, साब?" म्हणाला. बायकोला तेलुगूत म्हणाला, "येतो. भिऊ नको." ती दारात उभी होती. तिनंसुद्धा मला हात जोडले.

मला वाटलं, पक्का माणूस आहे, पापणी लवत नाही.

धर्माबादला पोचायला दुपार टळली. गोदामात मल्लय्या मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीमागं बसला होता. मी सायन्नाला दारात उभं केलं आणि प्यायला पाणी दिलं. तो ओंजळीनं प्यायला. पोत्यांमागून एक चूळ भरल्याचा आवाज आला, बस. मी मागं गेलो. मल्लय्या मान हलवत होता.

"ह्यो न्हाई, जमादारसाब. त्यो उंच हाय. ह्याला उगंच आनलात. सोडून द्या गरिबाला."

"डाग?"

"डाग काय, कुनाला बी असतोय. सोडा."

माझा सगळा फुगा फुटला. दीड महिना उन्हात हिंडलो होतो. सायन्नाला चौकीवर आणलं, साहेबांना सांगितलं, साहेब चिडले, आणि त्याला मी बाहेर आणून म्हटलं, "चूक झाली. जा घरी. मुखेडची यष्टी तिकडून सुटते."

तो हलला नाही. म्हणाला, "साब, मला सोडू नका."

"का रे?"

"मला आत ठेवा. मी अर्ज दिलाय."

"कसला अर्ज? कुठं?"

"तिकडं, आमच्या चौकीत. तुमी त्याच्यापायीच आलात न्हवं?" आणि मग त्याचा चेहरा उतरला. मी अर्जापायी आलो नव्हतो हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं आजूबाजूला बघितलं. मिरचीचा बाजार भरला होता, नदीपलीकडची शेपन्नास माणसं रस्त्यावर होती. "बाकी मला बोलता येत न्हाई, साब. तिथल्या जमादारानं सांगितलंय, हुकूम आल्याबिगर कुनापुढं तोंड उघडू नको. पन मला हितं सोडू नका. हवं तर बेड्या घाला."

उभ्या नोकरीत कोठडीत टाका म्हणून विनवणारा तो पहिला माणूस. मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. एक ट्रंककॉल लावला असता तर अर्ध्या तासात सगळं कळलं असतं. साहेब म्हणाले, "त्या जिल्ह्याला फोन करून काय सांगू? तुमच्या हद्दीतून तुमचा माणूस उचलून आणलाय म्हणून? काढा त्याला बाहेर." साहेबांवर ढकलून मोकळा होत नाही मी. फोन मी स्वतःही पोस्टातून करू शकत होतो. पण मी चिडलेलो होतो, थकलेलो होतो, आणि फोन केला असता तर माझीही चामडी गेली असती. मी बाहेर आलो आणि त्याच्यावर खेकसलो. तो पायरीवर बसला. मी त्याला दंडाला धरून उठवला आणि यष्टी स्टँडच्या रस्त्याला लावला. त्याचा दंड माझ्या हातात होता. अजून आठवतो.

त्या संध्याकाळी मल्लय्या आंघोळीला म्हणून गेला, तो परत आला नाही.

दोन दिवसांनी नदीच्या वाळूत प्रेत सापडलं. धुतलेला सदरा अंगावर होता. काय केलं होतं ते लिहीत नाही. पंचनाम्याला मी उभा होतो. विचारलं गेलं, कुणी ओळखतं का? साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी गप्प राहिलो. बेवारस म्हणून नोंद झाली आणि तिथंच क्रियाकर्म उरकलं. ज्या दिवशी मी त्याला आणलं त्या दिवसाची माझी डायरी साहेबांनी समोर बसवून लिहून घेतली: "हद्दीत फिरलो. विशेष काही नाही."

मल्लय्या फुटून आलाच नव्हता. सायन्ना दलम सोडून बायकोला घेऊन पळाला होता, आणि सोडून जाणाऱ्याला काय मिळतं हे बाकीच्यांना दिसावं म्हणून त्याला शोधायला मल्लय्याला पाठवलं होतं. परमुलखात हजारो मजुरांत एक माणूस हुडकणं त्याला एकट्याला जमणारं नव्हतं. म्हणून त्यानं ते काम सरकारकडून करून घेतलं. हे पुढं बऱ्याच वर्षांनी पलीकडच्या एका शरण आलेल्या माणसाच्या जबाबात वाचायला मिळालं. त्या जबाबात माझा उल्लेख आहे, "तंबाखूवाला" म्हणून. मल्लय्याचं पुढं काय झालं ते माहीत नाही. माझ्या मुलीच्या आजारपणात तो खरंच उपाशी राहिला होता का, हे मात्र मला अजून जाणून घ्यावंसं वाटतं.

मी राजव्वाकडं गेलो नाही. राजव्वा म्हणजे सायन्नाची बायको. गेलो असतो तर बोलावं लागलं असतं. पाऊस आला, कामं बंद झाली, माळावरची खोपटं उठली. मी स्वतःला सांगितलं, ती माहेरी गेली असेल.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्यात सगळंच नव्यानं मांडायचं होतं. आमच्या शाखेला भाड्याच्या घरात दोन खोल्या मिळाल्या, पंखा एक, आणि जुन्या दप्तरातून वाटणीला आलेल्या ट्रंका. मला नांदेडहून तिकडं पाठवलं होतं, जुना माणूस म्हणून. कागद तालुकावार लावायचे, रुमालात बांधायचे, नव्यानं नंबर घालायचे, असं तीन महिने चाललं. जळकोटच्या बाजूचा रुमाल सोडला तर आत एक आखीव कागद निघाला. कुणा मास्तरच्या अक्षरात लिहिलेला, खाली अंगठा.

मजकूर थोडा होता. मी अमुक गावचा सायन्ना, दलममध्ये होतो, मी कुणाला मारलेलं नाही, बायको गरोदर आहे, मला सरकारात घ्यावं, मला मारायला माणूस सुटला आहे, त्याच्या तोंडावर देवीचे वण आहेत. तारीख मी जीप घेऊन गेलो त्याच्या आधीच्या आठवड्याची. मार्जिनमध्ये कुणीतरी शेरा मारलेला: शेजारच्या जिल्ह्याला कळवावे. कळवलेलं नव्हतं. पण कुणाच्या नावानं बोटं मोडू? आम्हीही त्यांना कळवलेलं नव्हतं. कागद घेऊन मी ट्रंकेवर बसून राहिलो. हाताखालचा पोलीस विचारायला लागला, जमादार, चक्कर आली का?

राजव्वाला शोधायला मला चार दिवस लागले. माणूस हुडकायची कला तेवढी शाबूत होती. ती औशाच्या बाजारात धान्य निवडायला जात होती. तेव्हा पोटात असलेली मुलगी आता नऊदहा वर्षांची होती, शाळेत जात होती. मुलगी पुढं शिकली, तिचं लग्न झालं. राजव्वा दोन वर्षांपूर्वी वारली. तिची मुलगी हे वाचेल तर वाचावं, म्हणून मी दिवाळी अंकाला हो म्हटलं. तिच्या दारात जायची माझी छाती नाही, आणि गेलो तरी उपयोग नाही असं मला तिच्या आईनं शिकवलंय. ते कसं, तेवढं सांगून थांबतो.

दुपारची वेळ होती. राजव्वा अडतीच्या पडवीत चाळणीपुढं बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. ते बघून मी दोन पावलं मागं सरलो. तेवढ्यात तिनं वर बघितलं आणि ओळखलं.

"तंबाखूवाले न्हवं तुमी?"

ती चटकन उठली, इकडंतिकडं बघितलं आणि मला तुरीच्या पोत्यांच्या आड घेऊन गेली. आमच्या खात्यातल्या माणसानंही इतकं सफाईनं केलं नसतं.

"कसे हाईत?" तिनं हळू आवाजात विचारलं. "बरे हाईत न्हवं?"

मी सांगायला सुरुवात केली. घरून वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरलो. मल्लय्याचं सांगितलं, गोदामाचं सांगितलं. तो मला सोडू नका म्हणाला आणि मी त्याला दंडाला धरून उठवलं, हे सांगितलं. वाळूतलं सांगितलं. त्याला बेवारस म्हणून जाळलं आणि मी तिथं उभा असून नाव घेतलं नाही, हेही सांगितलं. सांगताना मला रडू आवरेना. पंचावन्नाव्या वर्षी, भर बाजारात, पोत्याला धरून मी रडत होतो.

ती रडली नाही.

"म्या बघितलंय त्यास्नी," ती म्हणाली. "दोनदा. एकदा हितंच, बैलबाजारात. एकदा यष्टीत. दाढी वाढवून राहिलेत. म्या हाक मारली न्हाई. पोरीला बी दाखवलं न्हाई."

"बाई, तो दुसरा कुणी असेल. सायन्ना त्याच आठवड्यात..."

"चौकीतल्या जमादारानं आमाला समदं समजावून सांगितलं होतं की," ती मला मध्येच तोडत म्हणाली. "अर्ज मंजूर झाला की सरकार असल्या मानसाला लांब ठेवतंय, नाव बदलून. घरच्यास्नी बी भेटू देत न्हाईत. कुनी इचारलं तर मेला म्हनून सांगतात. बायकोला बी तसंच सांगतात म्हनाला, तिच्या तोंडून जाऊ नये म्हनून. तुमी आलात, जीप आली, तवाच म्या वळखलं, अर्ज मंजूर झाला."

मी अर्जाचा कागद खिशातून काढला. तो कुणी वाचलाच नव्हता, असं सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अंगठ्याच्या डागावर बोट ठेवलं, कागद नीट घडी करून मला परत दिला आणि म्हणाली, "जपून ठेवा. हरवला तर तुमास्नी बोलनी बसतील."

मी रुमालानं तोंड पुसत राहिलो. तिनं पडवीतल्या माठातलं पाणी आणून दिलं आणि मी प्यालो तोवर थांबली.

"बास करा, साब," ती हळूच म्हणाली. "म्या कुनाला सांगत न्हाई. माझ्यापुढं रडून दावायची काय बी गरज न्हाई."